फेट सिम्युलेशन्स: एफवायच्या (बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या) केमिस्ट्रीसाठी आपण तयार आहोत का, हे तपासताना आलेला अनुभव

माझं मत आधीच सांगते. बारावीपर्यंतची केमिस्ट्री आपल्याला खरंच समजली आहे की नुसती पाठ आहे, हे ओळखायला फेटसारखं दुसरं फुकटचं साधन मला सापडलं नाही. फेट (PhET) म्हणजे विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर हाताळून बघायची वेबसाइट; त्यातल्या एकेका प्रयोगाला सिम्युलेशन म्हणतात. पण तेवढ्यावरच विसंबून कॉलेजला जाऊ नये.

बारावी सायन्सनंतर माझी काही वर्षं घरच्या द्राक्षबागेत गेली. यंदा नाशिकला बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा ठरलं. आरवायके किंवा केटीएचएम, या तिथल्या दोन कॉलेजांपैकी जिथे नंबर लागेल तिथे. टक्के होते, कागदपत्रं होती. पण वर्गात बसल्यावर झेपेल का, याचं उत्तर मार्कशीट देत नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर फेट सुरू केलं आणि उन्हाळ्यापर्यंत नेमाने वापरलं.

हा प्रकल्प अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. ब्राउझरमध्ये उघडायचं, लॉगिनची गरज नाही. सिम्युलेशन डाउनलोड करून ठेवलं की नेट नसतानाही चालतं, मळ्यात राहणाऱ्याला हे मोठं सुख. बरीचशी मराठीतही आहेत. मी आधी मराठीत आणि मग तेच इंग्रजीत केलं, कारण कॉलेजात शिकवणार इंग्रजीतच. मोबाइल आडवा धरला तरच नीट दिसतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लिमिटिंग रिएजंटच्या, म्हणजे अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो त्याच्या सिम्युलेशनचा. त्यात आधी सँडविच बनवायचं असतं: ब्रेड इतके, चीज इतकं, किती सँडविच होतील आणि काय उरेल? मग त्याच जागी हायड्रोजन आणि नायट्रोजनचे रेणू येतात. समीकरण बॅलन्स करणं वेगळं आणि त्या समीकरणाने किती माल तयार होईल हे सांगणं वेगळं, हा फरक इथे लख्ख कळतो. N₂ + 3H₂ → 2NH₃ कुणीही पाठ म्हणेल. पण नायट्रोजनचे चार आणि हायड्रोजनचे सहा रेणू दिले तर? अमोनियाचे चार रेणू होतील आणि नायट्रोजनचे दोन उरतील. हे कागद न घेता सांगता आलं, तर तुमचा पाया पक्का आहे असं मी बेलाशक म्हणेन.

आम्ल-आम्लारीचं सिम्युलेशनही तसंच मोलाचं. तीव्र आणि सौम्य आम्ल सारख्याच संहतीचं (पाण्यातल्या प्रमाणाचं) घ्या आणि त्यातून वीज जाऊन पेटणारा दिवा जोडा. एकाचा प्रकाश भरपूर, दुसऱ्याचा मिणमिणता. भिंग धरलं की कारण डोळ्यांसमोर येतं: तीव्र आम्लात जवळजवळ सगळे रेणू फुटलेले, सौम्यात बहुतेक अख्खेच. ०.०१ मोलर (लिटरमागे ०.०१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), २ आणि तेवढ्याच अ‍ॅसिटिक आम्लाचा ३.४ च्या आसपास का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येणं ही माझ्या मते खरी प्रवेश परीक्षा.

आता उणी बाजू. मोलॅरिटीच्या (एका लिटर द्रावणात किती मोल, याच्या) सिम्युलेशनमध्ये मोल, म्हणजे कणांचे ठरावीक मोठ्या संख्येचे गठ्ठे, आयते मिळतात. पट्टी सरकवली की अर्धा मोल, एक मोल. प्रयोगशाळेत मात्र तराजूवर ग्रॅम असतात, आणि विद्यार्थी अडखळतो तो नेमका ग्रॅमपासून मोलपर्यंत जाताना. ही कसर मी आमच्या फवारणीतून भरून काढली. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षांवर फवारायचं बुरशीनाशक: १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधारण तेवढाच चुना, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याची मोलॅरिटी किती? मोरचुदात पाण्याचे पाच रेणू धरून मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन) २४९.७ ग्रॅम. म्हणजे एक किलोत चार मोल आणि द्रावण ०.०४ मोलर. पाण्याचे पाच रेणू सोडून १५९.६ ने भागलं, तर उत्तर थेट दीडपटीहून जास्त येतं. अशा ठिकाणी थांबून विचार करायची सवय आहे का, हे प्रत्येकाने तपासावं.

पुढचा प्रश्न आणखी चांगला आहे. समीकरणाप्रमाणे चार मोल मोरचुदाला चार मोल कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे शुद्ध भिजवलेला चुना २९६ ग्रॅम पुरायला हवा. मग शेतकरी त्याच्या तिप्पट का घेतात? बाजारातला चुना शुद्ध नसतो, तो पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि तांबं मोकळं राहिलं तर पानं करपतात. वडील आजही मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला की चुना आणखी घालायचा. ही सरळसरळ विस्थापन अभिक्रिया आहे: लोखंड द्रावणात जातं आणि तांबं पात्यावर बसतं. हे समीकरण मी त्यांना वहीत लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं.

दुसरी उणीव आकडेमोडीची. राज्य मंडळाच्या बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, सगळं लॉगटेबलवर. त्यामुळे कॅल्क्युलेटर नीट हाताळायची सवय बऱ्याच जणांना नसते. हायड्रोजनच्या एका अणूचं वस्तुमान काढायला १ भागिले ६.०२२ × १०²³ (एका मोलमधल्या कणांची संख्या) करताना गुणाकाराचं बटण वापरून दहाचा घात लिहिला, तर यंत्र आधी भागतं, मग गुणतं, आणि अणूचं वस्तुमान डोंगराएवढं येतं. त्यासाठी ईएक्सपी (EXP) लिहिलेलं किंवा दहाच्या घाताचं वेगळं बटण असतं, तेच वापरायचं. फेट हे शिकवत नाही. त्यासाठी वहीच हवी.

प्रॅक्टिकलचं तर बोलायलाच नको. ब्युरेटचा (खुणा असलेल्या उभ्या काचनळीचा) नळ थेंबाथेंबाने सोडणं, फिकट गुलाबी रंग टिकला की लगेच थांबणं, पोटॅशियम परमँगनेट गडद असल्यामुळे त्याची वरची कड वाचणं, हे पडद्यावर येत नाही. बारावीला हे ज्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं नाही, त्यांनी कॉलेज उघडण्याआधी कुणाकडे तरी उभं राहून एक टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून दुसऱ्याचं प्रमाण मोजण्याचा हा प्रयोग) करून घ्यावं.

कुणासाठी योग्य? मध्ये खंड पडलेल्यांसाठी, आणि मार्क चांगले असूनही आत धाकधूक असणाऱ्यांसाठी नक्कीच. दहावीचीच समीकरणं अडत असतील तर आधी बालभारतीचं पुस्तक उघडा, पीडीएफ फुकट मिळते. आणि सिम्युलेशनमधला खेळ पहिल्या पातळीवर जमला म्हणून थांबू नका. तिसऱ्या पातळीवर मदत बंद करून, वहीत कारण लिहून मगच उत्तर दाबा.