टोमॅटोची रोपे, रोज फिरणारा पाइप आणि एका रात्रीचा टेम्पो

मिरज तालुक्यातील एका रोपवाटिकेतून मी गेल्या दोन हंगामांत टोमॅटोची आणि एकदा मिरचीची रोपे घेतली. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तिच्या मालाबद्दल नसून तिच्या टेम्पोबद्दल आहे, आणि टेम्पोपायी चांगल्या मालाला बट्टा लागावा असे मला वाटत नाही.

आधी मालाविषयी. अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर वाढवलेली पंचवीस दिवसांची रोपे मला सव्वा रुपयाला एक या दराने मिळाली. आमच्या भागातील इतर दोन ठिकाणांपेक्षा हा दर दहा पैशांनी जास्त होता. मात्र तिथली त्याच वयाची रोपे उंच, शेलाटी आणि हातात घेताच मान टाकणारी होती, तर इथली रोपे जेमतेम वीतभर उंच, जाड बुंध्याची आणि आखूड पेऱ्यांची होती. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांना जीए आणि सीसीसी ही नावे पाठ असतात. जीए म्हणजे जिबरेलिन वाढ ताणते आणि सीसीसी वनस्पतीतील जिबरेलिनची निर्मिती रोखून ती आवरते. त्यामुळे इथेही असेच काही फवारले असेल, असे मी गृहीत धरले होते. मालकांनी काही न बोलता मला शेडनेटमध्ये, म्हणजे सावलीच्या जाळीखाली नेले आणि दोन दोऱ्यांना आडवा बांधलेला एक हलका पीव्हीसी पाइप दाखवला. रोज सकाळी दोन मावशी दोन टोकांना उभ्या राहून तो पाइप रोपांच्या शेंड्यांवरून दहा वेळा पुढे आणि दहा वेळा मागे ओढतात. शेंडे वाकतात आणि पुन्हा उभे राहतात. औषध काय ते एवढेच.

स्पर्शाने खोडाची घडण बदलते ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफ यांनी 1973 मध्ये पद्धतशीरपणे मांडली आणि तिला स्वतंत्र नावही दिले. खोड वाकले की पेशींच्या पटलावर ताण येतो आणि काही सेकंदांतच पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण वाढते. ही त्या पेशीला मिळालेली पहिली वर्दी. पुढची कडी हाती आली ती थोडी अपघातानेच. स्टॅनफर्डमध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर संप्रेरके फवारून कोणती जनुके जागी होतात हे पाहत होते, तेव्हा तुलनेसाठी नुसते पाणी फवारलेल्या रोपांतही तीच जनुके जागी झालेली आढळली. परिणाम संप्रेरकाचा नव्हता, फवाऱ्याच्या माराचा होता. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, दहा ते तीस मिनिटांत या जनुकांचे संदेश शंभरपटीपर्यंत वाढतात, आणि त्यांतील एक जनुक कॅल्शियम ओळखणाऱ्या कॅल्मोड्युलिन या प्रथिनाचे आहे. असा स्पर्श रोज होत राहिला की खोडाची लांबी आवरली जाते आणि जाडी वाढते. उघड्या रानात हे काम वारा करतो. शेडनेटमध्ये वारा अडतो, म्हणून तिथे पाइप फिरवावा लागतो. अर्थात कमी उजेड आणि दाटी यांमुळेही रोपे शेलाटतात, आणि तो दोष पाइपने पूर्ण झाकता येत नाही. इथे जाळी फार गडद नाही, हेही या रोपांच्या यशाचे एक कारण असावे.

मिरचीच्या बाबतीत मात्र ही युक्ती मला पटली नाही. पाइपच्या घर्षणाने कोवळी पाने फाटलेली आणि कडेने करपलेली होती. शिवाय पहिल्या भेटीत पाणी दिल्यानंतर लगेच, पाने ओली असतानाच पाइप फिरत होता. यामुळे रोग एका रोपावरून शंभर रोपांवर जाऊ शकतो. मी तसे सांगितल्यावर त्यांनी पाने वाळल्यानंतर पाइप फिरवण्यास सुरुवात केली, याची नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी.

आता टेम्पो. पहिल्या हंगामात माझे ट्रे संध्याकाळी भरले गेले. जागा वाचवण्यासाठी त्यांतील बरेचसे कुशीवर उभे लावले होते. चालकाने रात्र वाटेतच काढली आणि सकाळी माल शेतावर आला, तेव्हा त्या ट्रेमधील एकूणएक रोप काटकोनात वळलेले होते. खोडाच्या आत, वाहक ऊतींभोवती पेशींचे एक कडे असते. त्या पेशींत स्टार्चने भरलेले जड कण असतात आणि ते नेहमी तळाशी बसतात. खोड आडवे झाले की तळ बदलतो, कण काही मिनिटांत नव्या तळाकडे सरकतात आणि ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूला अधिक वाहू लागते. खोडाची खालची बाजू त्यामुळे जास्त लांबते आणि शेंडा वर उचलला जातो. ज्या अॅराबिडॉप्सिसमध्ये हे कडे तयारच होत नाही, त्याचे खोड आडवे ठेवले तरी वळत नाही. सुपातली ज्वारी सूप थोडे कलते केल्याने लगेच घरंगळत नाही, पण हे कण पेशीतील सततच्या हालचालीने थरथरत असल्यामुळे एखाद्या द्रवासारखे अगदी थोड्या कलालाही सरकतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये हे दाखवून दिले. लोळलेला ऊस पेऱ्यापाशी वळून शेंडा वर काढतो, हे आपण दरवर्षी पाहतो. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाला त्यासाठी एक रात्र पुष्कळ झाली.

ट्रे सरळ ठेवल्यावर दोन दिवसांत शेंडे पुन्हा उभे झाले, पण बुंध्याजवळचा भाग तोवर कडक झाल्याने तिथला बाक तसाच राहिला. लागण करताना ही वाकडी खोडे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरच्या छिद्राच्या कडेला टेकली आणि तापलेल्या कागदाने त्यांतील काही भाजून गेली. मला सुमारे दीडशे रोपे सांधावी, म्हणजे गेलेल्यांच्या जागी नवी लावावी लागली. मालकांनी चूक मान्य करून दोन ट्रे बदलून दिले.

दुसऱ्या हंगामात त्यांनी फळ्यांचे कप्पे बसवलेली गाडी पाठवली आणि एकही रोप वाकले नाही. ही गाडी पाच हजारांपेक्षा मोठ्या मागणीसाठीच मिळते. त्याहून कमी रोपे हवी असतील तर स्वतःचे क्रेट घेऊन सकाळी जावे, ट्रे आपल्यासमोर सपाट ठेवून घ्यावेत आणि त्याच दिवशी शेतावर उतरवावेत. टोमॅटोसाठी मी पुन्हा इथेच जाणार आहे. मिरचीची रोपे दुसरीकडे सांगितली आहेत.