व्यक्तिमत्त्व चाचणी निवडताना: भाषांतरित की घरची?

भरतीसाठी व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायचं ठरलं की टेबलावर तीन-चार कोटेशनं येतात. प्रत्येकावर ‘मराठीत उपलब्ध’ असं छापलेलं असतं. निवडणारा माणूस दर बघतो, वेळ बघतो, रिपोर्ट किती पानांचा ते बघतो. मी आधी एवढंच विचारते, की चाचणीला बसणार कोण? सगळे पुण्यातले इंजिनिअर असतील तर उत्तर सोपं आहे. पण घरी भिल्ली बोलणारी नंदुरबारची आरोग्यसेविका, कन्नड घरात वाढलेला सोलापूरचा सुपरवायझर आणि इंग्रजी माध्यमातली पदवीधर मुलगी एकाच गुणयादीत लागणार असतील, तर प्रश्न न्यायाचा होतो.

दोन नावं आधीच बाजूला ठेवूया. एमबीटीआय ही मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बेतलेली चाचणी. ती माणसांना १६ प्रकारांत बसवते. टीमला एकमेकांशी बोलतं करायला ठीक आहे, पण निवडीसाठी वापरू नका असं तिचे प्रकाशकच सांगतात. एमएमपीआय मूळची मनोरुग्णांच्या निदानासाठी आहे. तिचे पहिले मानदंड, म्हणजे ज्यांच्याशी गुण ताडायचे ते सर्वसाधारण लोकांचे आकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या रुग्णालयात भेटीला येणाऱ्या लोकांवरून ठरले होते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने ती वैद्यकीय तपासणीच ठरवली. म्हणून नोकरीच्या दारात ती नकोच.

खरी निवड उरते ती दोन वाटांची. पहिली वाट ‘बिग फाइव्ह’ म्हणजे पाच घटकांच्या चाचण्यांची: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयी खुलेपणा. हे घटक मुख्यतः इंग्रजीतल्या स्वभावविशेषणांच्या अभ्यासातून निघाले. या वाटेचं बळ मोठं आहे. २००७ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी ५६ देशांत, २८ भाषांत, सतरा हजारांहून अधिक लोकांवर अशी एक प्रश्नावली वापरली आणि पाच घटकांची चौकट बरीचशी टिकली. विक्रेता तुम्हाला हाच अभ्यास दाखवेल. त्या ५६ देशांतले उत्तर देणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी होते, हेही त्याला विचारून घ्या.

कॉलेजबाहेर गेलं की चित्र बदलतं. बोलिव्हियाच्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी ६३२ जणांना गर्वेन आणि सहकाऱ्यांनी तीच प्रश्नावली त्यांच्या भाषेत विचारली. पाच घटक सापडलेच नाहीत. ठळक दिसले ते दोनच, लोकांशी मिळून वागणं आणि कष्टाळूपणा. शिक्षण कमी म्हणून असं झालं असेल, अशी शंका येते. संशोधकांनी शिकलेल्यांचा गट वेगळा काढून पाहिला, नवरा-बायकोंना एकमेकांविषयी विचारून पाहिलं, तरी पाच काही आले नाहीत. पुढे २०१९ मध्ये २३ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४,७५१ लोकांच्या समोरासमोर घेतलेल्या उत्तरांची छाननी झाली. तिथेही पाच घटकांचे प्रश्न जे मोजायला हवं ते मोजत नव्हते. इंटरनेटवर स्वतःहून चाचणी भरणाऱ्यांत मात्र ते बरे चालले. तुमचा उमेदवार यांपैकी कोणासारखा आहे, हे तुम्हीच ठरवायचं आहे.

बिघाड कुठे होतो, हे एक-दोन प्रश्न मराठीत आणून बघितलं की कळतं. बहिर्मुखतेसाठी ‘पार्टीत माझ्यामुळे जान येते’ अशा अर्थाचं विधान असतं. आपल्याकडे गावात ‘पार्टी’ म्हणजे मटण आणि दारू. बाईमाणूस त्यावर ‘अजिबात नाही’ असंच म्हणणार, आणि रिपोर्टमध्ये ती अबोल ठरणार. हीच बाई बचत गटाच्या मीटिंगमध्ये तीस जणींना बोलतं करत असते. दुसरी अडचण होकाराची. समोर साहेब किंवा मॅडम बसलेत म्हणून ‘मी कामसू आहे’ यालाही हो आणि ‘मी कधीकधी आळस करतो’ यालाही हो. गुण काढताना दुसरा होकार उलटा मोजतात, आणि कामसू माणूस मधोमध अडकतो.

तिसरी अडचण दिसायला सर्वांत अवघड. वर सांगितलेल्या ५६ देशांच्या अभ्यासात कर्तव्यदक्षतेत जपान तळाला होता. जपान कामचुकार आहे असं त्यावरून कोणी म्हणणार नाही. हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा गोंधळाचं एक कारण मांडलं होतं: माणूस स्वतःला गुण देताना आसपासच्या माणसांशी तुलना करतो. पहाटे चारला उठणाऱ्यांच्या घरातला, सहाला उठणारा मुलगा स्वतःला आळशीच म्हणेल. म्हणून दोन वेगळ्या समाजांतल्या उमेदवारांचे कच्चे गुण शेजारी ठेवून ‘हा जास्त, तो कमी’ म्हणणं मला मान्य नाही, मग भाषांतर कितीही सुरेख असो.

दुसरी वाट घरच्या चाचणीची. म्हणजे लोक एकमेकांच्या स्वभावाबद्दल काय बोलतात ते आधी ऐकायचं आणि मग प्रश्न लिहायचे. हाँगकाँगच्या फॅनी च्यूंग आणि बीजिंगच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात चिनी लोकांसाठी अशी चाचणी केली. नात्यातलं देणंघेणं, लोकांत राहणारी अब्रू, सलोखा या गोष्टींचा एक घटक त्यांना मिळाला. पाच घटकांच्या प्रश्नावलीबरोबर एकत्र विश्लेषण केलं तेव्हाही तो वेगळाच उरला. पण घरच्या वाटेलाही आंधळे कोपरे असतात. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत खुलेपणा नव्हता, तो पुढच्या आवृत्तीत घालावा लागला.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण तिथे प्रश्न कायद्याने विचारला. १९९८ च्या रोजगार समता कायद्याचं आठवं कलम सांगतं, की मानसशास्त्रीय चाचणी शास्त्रीयदृष्ट्या वैध (जे मोजायचं तेच मोजणारी) आणि विश्वसनीय (दरवेळी सारखंच माप देणारी) असावी, सर्वांना न्याय्यपणे लावता यावी आणि कुठल्याही गटाविरुद्ध झुकलेली नसावी. नाहीतर ती वापरायची नाही. पोलीस भरतीच्या १३,६८१ उमेदवारांवर तिथे एक आयात केलेली इंग्रजी प्रश्नावली तपासली गेली. आफ्रिकी भाषा बोलणाऱ्या गटांत तिची विश्वसनीयता कमी भरली. मग संशोधकांनी तेव्हाच्या ११ अधिकृत भाषांतल्या बाराशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या, स्वभावाची पन्नास हजारांवर वर्णनं जमवली आणि त्यातून नवी चाचणी उभी केली. तीत नात्यांतल्या वागण्याला पाच घटकांपेक्षा कितीतरी अधिक जागा मिळाली.

हे वाचताना मला ‘भिडस्त’ हा शब्द आठवतो. भिडस्त माणूस लाजाळू असेलच असं नाही आणि नुसता सज्जनही नसतो. समोरच्याची भीड पडली की त्याच्या तोंडून नकार निघत नाही. वसुली अधिकारी निवडताना ही पहिली पाहायची गोष्ट. पाच घटकांत तो शब्द अर्धा बहिर्मुखतेत आणि अर्धा सौजन्यात वाटला जातो, आणि नेमकं जे कळायला हवं तेच हरवतं. सहा घटकांची हेक्झाको पाहिली तर प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटक तिला मिळाला तो कोरियन, हंगेरियन, इटालियन अशा अनेक भाषांच्या अभ्यासातून. म्हणून पहिल्या वाटेवर जायचंच तर मी ती घेईन. पण भीड तिच्यातही नाही.

मग ऑर्डर कोणाला द्यायची? उमेदवार एकाच भाषेतले, बरोबरीच्या शिक्षणाचे असतील, तर पाच किंवा सहा घटकांची पूर्ण लांबीची चाचणी घ्या. दहा-पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती नको. गुण गाळणीसाठी वापरू नका, मुलाखतीत काय विचारायचं ते ठरवायला वापरा. उमेदवार वेगवेगळ्या भाषांतले, वेगळ्या शिक्षणाचे असतील तर आज मी चाचणीवर पैसे घालणार नाही. तेच पैसे सगळ्यांना तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीवर आणि प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यावर घालेन. आरोग्यसेविका घ्यायची तर तिला एका घरी लसीकरणाचं पटवायला पाठवा आणि शेजारी बसून बघा.

आणि विक्रेत्याशी बोलताना दोन गोष्टी लेखी मागा. मराठी आवृत्तीचे मानदंड कोणत्या जिल्ह्यांतल्या, किती शिकलेल्या लोकांवरून काढले? आणि प्रत्येक भाषागटासाठी विश्वसनीयतेचा आकडा वेगवेगळा किती आला? एकत्रित आकडा दिला तर परत पाठवा. त्यानंतर तुमच्याच कामावरची सात-आठ माणसं बसवा, एकेक विधान वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. निम्म्यांनी वेगळंच सांगितलं, तर त्या विधानाचे गुण कोणाच्याही खात्यावर धरू नका.