खिशातली ए6 वही: पहिल्या नोकरीत 11 महिने वापरल्यानंतर

वहीबद्दल मत द्यायचं तर ती आधी भरायला हवी. माझी गेल्या आठवड्यात भरली, म्हणून आता लिहितेय. नोकरी लागली तेव्हा बॅग कोणती घे, बूट कोणते घे, पहिल्या दिवशी काय घाल, असे सल्ले भरपूर मिळाले. वहीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ही घेतली आणि या 11 महिन्यांत माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच.

मी एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर धातूचे सुटे भाग बनवतात अशा ठिकाणी, क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मशीनवरून उतरलेले जॉब (आमच्याकडे सुट्या भागाला जॉब म्हणतात) मोजायचे, ड्रॉईंगशी ताडून बघायचे, टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या आत, नसतील तर बाजूला काढायचे. पण पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठल्याही पहिल्या नोकरीत कामाला येईल.

आधी वस्तू कशी आहे ते. आकार ए6, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर. कागद 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 80 ग्रॅम), आखीव. 192 पृष्ठं, 16 पृष्ठांचा एक असे 12 फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे), दोऱ्याने शिवलेले. जाड काळं कव्हर, बंद ठेवायला इलास्टिक, मागच्या कव्हरला आतून कागदी कप्पा. पृष्ठ क्रमांक छापलेले आहेत आणि सुरुवातीला अनुक्रमणिकेसाठी रिकामी जागा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एवढ्या गोष्टी असलेली कोणतीही वही चालेल. यातल्या दोन गोष्टींवर मात्र तडजोड करू नका: शिवण आणि पृष्ठ क्रमांक.

शिवलेली वही टेबलावर उघडून ठेवली की सपाट राहते, डाव्या हाताने दाबून धरावी लागत नाही. माझ्या एका हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, असतो, त्यामुळे हा फरक मला रोज जाणवतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सारखी उघडमीट केली की मधून तडकते आणि पानं सुटायला लागतात. पृष्ठ क्रमांकांचं महत्त्व मला दुसऱ्या महिन्यात कळलं. 'सर्फेस फिनिश (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा) – 23, 41, 77' एवढं अनुक्रमणिकेत लिहिलेलं असलं की सांगितलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात सापडते आणि तीच गोष्ट त्याच माणसाला तिसऱ्यांदा विचारायची वेळ येत नाही.

आकाराचा एक फायदा घेताना लक्षात आला नव्हता. ए4 कागद दोनदा घडी घातला की बरोबर ए6 होतो. त्यामुळे शिफ्टचं वेळापत्रक, आतले फोन नंबर, सुट्ट्यांची यादी हे सगळं मागच्या कप्प्यात नीट बसतं.

फोनवर का नाही लिहीत, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्याकडे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पण चालला असता तरी मी वहीच घेतली असती. हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असं 2014 च्या एका गाजलेल्या अभ्यासात म्हटलं होतं, पण नंतर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तितका स्पष्ट फरक दिसला नाही, म्हणून तो मुद्दा मी ओढत नाही. माझं कारण समोरच्या माणसाचं आहे. कोणी तुम्हाला काम समजावून सांगत असताना तुम्ही फोनमध्ये बघायला लागलात, तर तुम्ही लिहिताय की मेसेज बघताय हे त्याला कळत नाही. वही उघडली की कळतं. तो थोडा थांबून, नीट सांगायला लागतो. पहिल्याच आठवड्यात एक सीनियर ऑपरेटर काका मला म्हणाले, "लिहून घेतेस ना, मग अजून एक सांगतो."

त्यांनी सांगितलेलं पान 9 वर आहे. त्या दिवशी मी ॲल्युमिनियमचा एक जॉब मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजला. ड्रॉईंगवर 120 मिलिमीटर, अधिक-उणे 0.03. माझं रीडिंग आलं 120.05. मी तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात मशीन थांबवायला सांगितलं. काका जवळ आले, जॉब माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "कसा लागतोय?" कोमट लागत होता. तो त्यांनी ग्रॅनाइटच्या सर्फेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट लादीवर, ठेवला आणि मला दुसरं काम करायला सांगितलं. बऱ्याच वेळाने पुन्हा मोजला तेव्हा 120.01. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, आणि मापनासाठी जगभर धरलेलं प्रमाण तापमान 20 अंश आहे, हे मी शिकताना वाचलेलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. हातातल्या जॉबशी त्याचा संबंध मात्र त्या दिवशी लागला. पान 9 वर एकच ओळ आहे: 'गरम जॉब मोजू नकोस. आधी हात लाव.' खाली तारीख आणि वेळ.

सांगितलेलं त्याच दिवशी पुन्हा एकदा वाचायचं, ही सवय मी मुद्दाम लावली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच विसरण्याचे प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. तेच पुन्हा पाठ करताना वाचणारी मेहनत तासाभरातच निम्म्याहून खाली आली, असं त्याला आढळलं. नव्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात कानावर पडणारे शब्द असेच असतात, निरर्थक अक्षरांसारखे. मागचा-पुढचा संदर्भ माहीत नसतो. म्हणून शिफ्ट सुटली की मी 10 मिनिटं बसून त्या दिवसाचं पान वाचते, अर्धवट वाक्यं पूर्ण करते आणि जे समजलं नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकते.

या प्रश्नचिन्हांसाठी वहीच्या शेवटच्या 20 पृष्ठांवर वेगळा विभाग केला. सुरुवातीला मी प्रश्न पडला की लगेच उठून विचारायला जायचे. सगळे चांगले होते, उत्तर द्यायचे, पण दर वेळी त्यांचं काम तुटायचं. मग सुपरवायझर मॅडमना विचारलं, "मी प्रश्न जमवून दिवसातून दोनदा आले तर चालेल का?" त्यांनी जेवणाआधीची आणि शिफ्ट संपायच्या आधीची वेळ दिली. यातले निम्मे प्रश्न त्यांच्यापर्यंत जायच्या आत माझे मलाच सुटायला लागले. फक्त दोन प्रकारचे प्रश्न कधीही जमवून ठेवायचे नाहीत: ज्यात कोणाला इजा होऊ शकते ते, आणि ज्यात थांबल्याने माल खराब होत राहतो ते. ते तिथल्या तिथे, मोठ्याने विचारायचे.

माझ्याकडून मोठी चूक झाली ती चौथ्या महिन्यात. मशीनचं टूल, म्हणजे धातू कापणारं हत्यार, बदललं की पहिले 5 जॉब सलग मोजायचे, हे मला चालता चालता सांगितलं होतं. मी मान हलवली, लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी टूल बदललं आणि मी नेहमीसारखा एकच जॉब मोजला. तो बरोबर होता. नंतर पुढचा मोजला तेव्हा भोकाचा व्यास बाहेर गेलेला. पोटात खड्डा पडला. पहिली दोन मिनिटं मनात नको ते विचार आले, हेही सांगते, कारण तुमच्याही येतील. पण जाऊन सांगितलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'का' असा नव्हता. "टूल किती वाजता बदललं?" हे वहीत होतं: 11.40. त्यामुळे त्या वेळेनंतरचे 38 जॉबच होल्डवर टाकावे, म्हणजे तपासणीसाठी अडवून ठेवावे लागले, सकाळचा सगळा माल उघडावा लागला नाही. दोघांची उरलेली शिफ्ट त्यात गेली, त्यांना मी मदत केली, आणि घरी जाताना त्यांची माफी मागितली.

तेव्हापासून चालता चालता कोणी काही सांगितलं तरी मी थांबते, वही काढते आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवते: "म्हणजे टूल बदलल्यावर पहिले 5 सलग, मग दर 20 मागे 1, बरोबर?" यात कमीपणा काहीच नाही. दहात एकदा तरी समोरचा म्हणतो, "अगं, एक सांगायचं राहिलं."

त्या चुकीनंतर मी शिफ्ट सुरू करायची यादी केली आणि उत्साहात 31 मुद्दे लिहिले. चार दिवसांत ती बघणं बंद झालं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या शस्त्रक्रियेच्या सुरक्षायादीत 19 मुद्दे आहेत, तेही भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी अशा तीन टप्प्यांत वाटलेले. ते वाचल्यावर मी माझी यादी 7 मुद्द्यांवर आणली. चुकलं तर महागात पडेल आणि घाईत विसरायला होतं, एवढंच तिच्यात ठेवलं. ती आजही रोज बघते.

वहीत काय लिहायचं नाही, हेही पहिल्या दिवसापासून ठरवा. पासवर्ड नाही. ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉईंगची नक्कल नाही. खाजगी वही घरी न्यायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. मी विचारलं होतं. आणि अधिकृत रीडिंग कधीही वहीत घेऊन मग फॉर्मवर उतरवू नका. ते मोजल्या क्षणी थेट फॉर्मवरच जायला हवं. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहा. 4/5 म्हणजे कोणाला 4 मे वाटतो, कोणाला 5 एप्रिल.

माणसांबद्दल लिहिताना तर जास्तच जपून. पहिल्या दिवशी माझी 17 जणांशी ओळख करून दिली. मी प्रत्येकाच्या नावापुढे एक खूण लिहिली: '3 नंबर मशीन, हळू बोलतात', 'स्टोअर, चाव्या यांच्याकडे'. सहाव्या महिन्यात वही कँटीनमध्ये राहिली आणि एका सहकाऱ्याने कोणाची आहे ते बघायला उघडली. नेमकं नावांचंच पान उघडलं. तिथे कोणाला लागेल असं काही नव्हतं म्हणून मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन वही परत घेऊ शकले. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि विभाग लिहा, घरचा पत्ता नको.

पगाराची पहिली स्लिप आली त्या दिवशी एक पान तिच्यासाठी ठेवलं: नावाचं स्पेलिंग, खात्याचा नंबर, हजेरीचे दिवस, प्रत्येक कपात कशाची, शिल्लक रजा. माझ्या स्लिपमध्ये हजेरी एका दिवसाने कमी लागली होती. वहीत त्या दिवसाचं पान होतं, ते दाखवलं आणि पुढच्या महिन्यात दुरुस्त झालं.

दर शुक्रवारी दोन ओळी 'या आठवड्यात काय पूर्ण केलं' याच्या. लिहिताना फुशारकी वाटते, तरी लिहा. अप्रेझलच्या वेळी वर्षभरात काय केलंस असं विचारलं की शेवटचे तीन आठवडेच आठवतात. माझ्यासमोर त्या ओळी होत्या, तारखांसह.

आता वहीचे दोष. इलास्टिक आठव्या महिन्यात सैल झालं, आता साधा रबर बँड लावते. मागच्या कप्प्याचा कोपरा फाटला, टेप लावावा लागला. 80 जीएसएमवर जेल पेनची शाई मागच्या बाजूला दिसते, आणि कूलंटचा (कापताना मशीनवर सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाचा) ओला हात लागला की ती पसरते. पान 31 वरचे चार आकडे मला आजही वाचता येत नाहीत. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने पसरत नाही. तेच वापरा. पेन अडकवायला वहीत जागा नाही, ही मोठीच उणीव. कव्हर मात्र तेल पडूनही पुसून स्वच्छ होतं.

क्लीनरूममध्ये, म्हणजे जिथे हवेत धूळ चालत नाही अशा खोलीत, काम लागलं असेल तर ही घेऊ नका. साध्या कागदाचे तंतू हवेत सुटतात, म्हणून तिथे वेगळा कागद वापरतात. खाद्यपदार्थांच्या किंवा औषधांच्या लाइनवर असाल तर आत काय न्यायला चालतं ते रुजू व्हायच्या आधी फोन करून विचारा. बाकी टेबलावर बसून काम असेल तर दुप्पट आकाराची ए5 घ्या, तिच्यात मजकूर जास्त मावतो. उभं राहून, फिरत काम असेल तर ए6च. घेण्याआधी शर्टाच्या खिशात घालून एकदा खाली वाकून बघा. माझी पहिल्या दिवशी दोनदा खाली पडली होती. तेव्हापासून ती पँटच्या बाजूच्या खिशात असते.