हातानं कोरलेले बाल्सा क्रँकबेट: दोन हजाराचं लाकूड कृष्णेत टाकावं का?

भाचा अमेरिकेत टेनेसीत असतो. दिवाळीला येताना त्यानं विचारलं मामा काय आणू, तर मी म्हणलं चॉकलेट नको परफ्युम नको, तिकडं बास मासा धरायला लोक हातानं कोरलेले बाल्साचे क्रँकबेट वापरतात, त्यातले तीन आण. आणले त्यानं. गॅरेजात बसून एकटाच माणूस करतो म्हणे, एकाला २५ डॉलर, म्हणजे आपले दोन हजाराच्या वर गेले. घरात अजून खरी किंमत सांगितलेली नाही, हिच्या वाचनात हे आलं तर संपलंच.

चार महिने झाले वापरून. सांगलीजवळ कृष्णेवर डिग्रज बंधाऱ्याखाली, हरिपूरला कृष्णा-वारणा संगमाजवळ, दोनदा वारणेवर. आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रँकबेट म्हणजे लाकडी नाहीतर प्लास्टिकचा टपोरा मासा, तोंडाला पुढं जीभ काढल्यासारखी एक पट्टी, त्याला लिप म्हणतात. तुम्ही रील फिरवली की पाणी त्या पट्टीवर दाबतं आणि मासा डोकं खाली घालून थरथरत खोल जातो, रील थांबवली की परत वर. पट्टी जितकी लांब आणि जितकी सरळ पुढं, तितका खोल. आखूड आणि खाली झुकलेली असली तर कमरेएवढ्या पाण्यातच राहतो. चौकोनी कापलेली पट्टी दगडाला, खुंटाला आपटून बाजूला उडी मारते, म्हणून बासवाले ती झाडाझुडपात टाकतात. बास आपल्याकडं नाही, पण आडोशाला दबा धरून बसायची खोड आपल्या शिवड्याला पण आहेच की, त्यामुळं म्हणलं बघू चालतंय का.

बाल्सा का, तर हलकं म्हणून. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, झाड पाच-सात वर्षात तोडायला येतं, आणि पाण्याच्या जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा वजन. पवनचक्कीच्या पात्यांच्या पोटात पण हेच घालतात, चाळकेवाडीच्या पठारावर गेलो की आता माझी मान आपोआप वर जाते. असो. हलकं असल्यामुळं क्रँकबेट जरा ओढलं तरी हलायला लागतं आणि सोडलं की बुचासारखं वर येतं. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली पहिलं ल्युअर, म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, बुचाच्या लाकडाचंच कोरलं होतं, बाल्सा नंतर आलं. आणि भाचा राहतो त्याच टेनेसीत ओक रिज गावचा फ्रेड यंग म्हणून एक होता, १९६० च्या दशकाच्या शेवटी तो बाल्साचे ढेरपोटे क्रँकबेट कोरायचा, नाव बिग ओ. एवढी मागणी की टुर्नामेंटवाले ते भाड्यानं न्यायचे म्हणतात. मग प्लास्टिकवाल्यांनी नक्कल काढली आणि क्रँकबेट घराघरात गेलं.

आता मुद्द्याचं. मला तीन आले ते एकाच साच्याचे असायला पाहिजे होते, पण हाताचं काम, तिन्ही तीन तऱ्हेचे निघाले. सराफकट्ट्यावर मित्राचं दुकान आहे, त्याच्या सोन्याच्या काट्यावर घातले तर एक १०.४ ग्रॅम, एक १०.९ आणि एक चक्क ११.८. मित्र म्हणला घडणावळ किती. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेला माणूस भोपळ्यावरची नक्षी बघून पैसे देत नाही, तार छेडतो, जवारी ऐकतो, मग बोलतो. इथं तसंच करायला पाहिजे होतं, पण भाच्यानं फोटो पाठवले आणि मी रंग बघून बोटं ठेवली, हिरवा, चंदेरी आणि लाल-काळा. रंग माशापेक्षा माणसाला जास्त गळाला लावतो राव.

हिरव्यानं, म्हणजे १०.४ वाल्यानं, मन जिंकलं. बादलीत टाकला तर शेपूट किंचित वर, नाक खाली, सरळ उभा, कुठं कलला नाही. पोटात शिसं बरोबर मधोमध बसलंय म्हणजे. याची पट्टी सर्किट बोर्डाच्या पत्र्याची आहे, रेडिओ-टीव्हीत हिरवा-पिवळा पत्रा असतो ना तोच, पातळ पण कडक, त्यामुळं थरथर अशी येते की रॉडच्या मुठीत कळतं खाली वाळू आहे का दगड. डिग्रजला पहिल्याच आठवड्यात दीड किलोचा शिवडा, त्याच जागी परत एक छोटा. नुसतं सरळ ओढत नव्हतो, दगडाला धडकवायचा, एक सेकंद थांबायचं, तो वर तरंगायला लागला की घेतलाच. प्लास्टिकवाला तेवढ्यात अडकून बसतो.

हेच मला सगळ्यात जास्त पटलं. अमेरिकेत ल्युअर अडकलं तर गडी पाण्यात उतरून काढत असेल, आपल्याकडं कृष्णेत मगरी आहेत, औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत, उन्हाला काठावर पडलेल्या दिसतात. दोन हजाराचं लाकूड गेलं तर गेलं, मी काय घोट्याच्या वर पाण्यात उतरत नाही. बाल्सा अडकलं की ओढायचं नाही, तंगूस ढिली सोडायची, ते आपोआप मागं मागं तरंगत सुटतं. दहातनं सात-आठ वेळा सुटलंय माझं. आमच्यासोबत आबा असतात, आयुष्यभर गांडूळ लावून गळ टाकणारे, पहिल्या दिवशी म्हणले, "अरं एवढ्याशा लाकडाला दोन हजार? त्यात तुझ्या घरी महिनाभर मासं झालं असतं." पण ते मागं तरंगत सुटलेलं बघितलं तेव्हा गप बघत राहिले, आणि मग म्हणले, "बघू हिकडं."

चंदेरी ठीकठाक. तो डावीकडं पळायचा. असं झालं तर घाबरायचं नाही, तोंड आपल्याकडं करून येताना डावीकडं जात असेल तर दोरी बांधायचा डोळा पक्कडीनं उजवीकडं केसभर वाकवायचा, परत टाकून बघायचा. केसभर म्हणजे केसभरच, बाल्सा मऊ आहे, जोर लावला तर डोळ्याभोवतीचं इपॉक्सी तडकतं. तीन वेळा वाकवल्यावर सरळ आला. हलका असल्यामुळं वाऱ्याच्या दिवशी मात्र फेक जातच नाही, दुपारनंतर संगमावर वारं सुटलं की हा माझ्याच पायाशी पडतो. लाईन जाड लावली तर अजून लांब जात नाही आणि खोल पण जात नाही, मी १० पौंडाची मोनो, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची तंगूस लावतो.

लाल-काळा, म्हणजे ११.८ वाला, सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दगाबाज. दुसऱ्या फेरीत पोटावर ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचा हुक, घासून घासून कोटिंगला चीर पडली, मला दिसली नाही, रात्री पिशवीत तसाच. पुढच्या वेळी बघतो तर चिरेभोवती रंगाला फोड आलेला आणि लाकूड फुगलेलं. मग वारणेवर बऱ्यापैकी मोठं काहीतरी लागलं, दोन झटके, आणि शेपटीचा हुक तारेसकट उपटून गेला, क्रँकबेट तेवढं माझ्या हातात. आतली तार नाकापासून शेपटीपर्यंत सलग नव्हतीच, नुसती पीळ देऊन भोकात चिकटवलेली. त्या कारागिराला भाच्यानं मेसेज केला तर तो म्हणला आमच्या बासला पुरतं. असेल, पण मग विकताना सांग की बाबा. मासा तोंडात गळ घेऊन गेला त्याचं जास्त वाईट वाटलं.

तर कुणी घेणार असाल तर रंग शेवटी बघा. विक्रेत्याला पहिला प्रश्न, तार सलग आहे का. दुसरा, पोटावर हुक घासतो तिथं कोटिंगचे हात किती. पट्टीच्या खाचेत फट नको, तिथूनच पाणी शिरतं. अंग चपटं की गोल हे पण विचारा, चपटं बारीक थरथरतं आणि ते तिकडच्या गारठलेल्या पाण्यासाठी, आपल्या नदीला गोल बरं. आल्यावर बादलीत टाकून कलतो का बघा, कललेला परत पाठवा. चीर दिसली की त्याच रात्री वाळवून फेविक्विकचा थेंब, वरून बिनरंगी नेलपॉलिश, आमच्या घरातली बाटली त्यातच संपली. पार्सल भाच्याबरोबर येणार असेल तर चेक-इनच्या बॅगेत घालायला सांगा, हुक असतात, केबिनमधे अडवतील.

मरळसाठी घेऊ नका. मरळ शेवाळात-पानात बसते, तिथं ट्रेबल टाकलं की गवताची पेंढी येते, त्याला दीडशे रुपयाचा रबरी बेडूक उत्तम. धरणावर नेणार असाल तर आधी मच्छीमार सोसायटीला विचारून घ्या, ठेका त्यांचा असतो, उगाच वाद नको. बंधाऱ्याखालच्या दगडात, शिवड्यासाठी, सकाळी लवकर, तिथं मात्र हिरव्यासारखं एखादं जवळ असावं. मी भाच्याला परत एकच सांगितलंय, त्याच वजनाचं, १०.४, काटा लावून मोजून घे म्हणलं. तो म्हणला मामा तिकडं सराफ कुठं शोधू.

लाल-काळ्याचे उरलेले हुक काढून तो पोरीनं सायकलच्या किल्लीला लावलाय. आबा आता हिरवा "जरा बघतो" म्हणून मागून घेतात आणि मला गांडूळ लावायला बसवतात.