११९ डॉलरचा फ्लाय रॉड आणि चँडलरच्या तळ्यातला सायप्रिनस

तीन तारे देतेय. रॉडला साडेचार, रीलला एक. सरासरी तुम्ही काढा.

हा संच एका मोठ्या दुकानाच्या स्वतःच्या नावाने मिळतो. नऊ फुटी, ६ नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा, नंबर मोठा तसा रॉड दणकट), चार तुकड्यांचा रॉड, रीलवर आधीच भरलेली पिवळी तरंगती लाइन, एक लीडर (लाइनच्या टोकाला लावायची निमुळती, न दिसणारी दोरी) आणि ठेवायला कापडी नळकांडं. खोक्यावर ट्राउटचं चित्र आहे, पण मी ट्राउटच्या वाटेला गेलेच नाही. आमच्या चँडलरच्या डेझर्ट ब्रीझ तळ्यात ॲरिझोनाचं मत्स्यखातं हिवाळ्यात ट्राउट सोडतं, आणि ते सोडले की काठाने खुर्च्या लागतात. त्याच खुर्च्यांच्या पायाशी, दीड-दोन फूट पाण्यात कार्प चिखल उकरत बसलेला असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शहरांतल्या ठरलेल्या तळ्यांपुरता परवाना मी काढला तेव्हा वर्षाला २४ डॉलर पडले होते.

मी भिगवणची. उजनीच्या पाण्यावर वाढलेल्याला हा मासा ओळखून द्यावा लागत नाही, आपला सायप्रिनसच तो. इथे लोक त्याला कचरा मासा म्हणतात. खरं तर १८७७ साली इथल्या सरकारनेच तो खाण्यासाठी म्हणून जर्मनीहून मागवला आणि बाल्टिमोरच्या एका बागेतल्या तळ्यांत ठेवला. म्हणजे शहरातलं तळं हे त्याचं इथलं माहेरच. कोई हा शोभेचा रंगीत मासा त्याच्याच भावकीतला, जपानच्या नीगाताकडच्या शेतकऱ्यांनी रंग बघून बघून जोपासलेला. आमच्या तळ्यातले दोन-तीन कोई घरच्या हौदाला कंटाळून कुणीतरी आणून सोडलेत. असं करू नये, पण माझी सोय झाली. गढूळ पाण्यात काळा कार्प दिसत नाही, नारिंगी कोई दिसतो. तो डोकं खाली घालून शेपूट वर हलवायला लागला, की शेजारचे काळेही चरताहेत असं समजायचं.

आता रॉड. ज्यांनी फक्त गळ टाकलाय त्यांना सांगते: गळाला शिसं लावून ते फेकतो, इथे फ्लायला, म्हणजे हुकावर पिसं-दोरे बांधून केलेल्या खोट्या किड्याला, नावापुरतंच वजन असतं, त्यामुळे जाड लाइनचं वजन फेकायचं आणि फ्लाय तिच्यामागून जाते. यूट्यूबवर साठ-साठ फूट फेकणारे बघून घाबरू नका. कार्प पंधरा-वीस फुटांवर असतो आणि तेवढ्यात हा रॉड झकास चालतो. मऊ आहे, लवकर वाकतो, त्यामुळे माशाने हिसका दिला तरी टिपेट, म्हणजे लीडरचं बारीक टोक, तुटत नाही. महागड्या कडक रॉडने जवळचं फेकताना माझी फ्लाय दगडासारखी पडायची, याने अलगद पडते. ते महत्त्वाचं, कारण कार्पाचा कान तिखट असतो. मी काठावर पाय आपटून चालले तरी पूर्ण थवा निघून जातो. म्हणून चप्पल काढते.

फ्लाय ८ नंबरच्या हुकावर, तपकिरी, मण्यांचे डोळे लावलेली. माशाच्या तोंडापुढे वीतभर टाकायची आणि बघत राहायचं. दोरीला झटका बसत नाही. मासा जरासा तिरका होतो, कल्ले फुलतात, बस. तेवढ्यात ओढलं नाही तर थुंकून मोकळा. पोलराइज्ड चष्मा नसेल तर हा संच घेऊच नका, आधी चष्मा घ्या.

रीलचं काय सांगू! ट्राउटला रील म्हणजे लाइन गुंडाळायची डबी, तिथे हे खपून जाईल. कार्प लागल्यावर पळतो. जूनमधली सकाळ, साडेपाच वाजलेले, सात-आठ पौंडांचा लागला आणि सरळ कारंज्याकडे सुटला. ड्रॅगची, म्हणजे पळत्या लाइनला ब्रेक लावणारी, चकती जितकी घट्ट करावी तितकी नुसतीच फिरत राहिली. मूठ बोटांच्या पेरांवर सटासट बसली, लाइन मोकळी सुटून स्वतःभोवतीच गुंतली, आणि टिपेट तुटलं. दोन आठवड्यांनी चकतीच निखळून हातात आली. दुकानाने रील बदलून दिली, म्हणजे तशीच दुसरी दिली.

भिगवणला मामांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, हातात आलेला पण सोडूनच देतेस ना? मग तुटला काय न् सुटला काय!" त्यांच्या जाळ्यात आता सगळी चिलापीच येते, सायप्रिनस दिसला की त्यांना कौतुक. त्यांना कसं समजावणार.

शेवटी ६ नंबरचीच, बंद ड्रॅगवाली जुनी रील ५० डॉलरला घेतली. त्यानंतर सहा लागले, पाच हातात आले, त्यात एक नारिंगी कोई. लाइन मूळचीच ठेवलीय. उन्हात वळ्या पडतात, पण निघण्याआधी हाताने ताणली की सरळ होते. फिनिक्सच्या कालव्यांत गवत्या (ग्रास कार्प) आहे, तो लागला तर लगेच सोडावा लागतो. त्याच्या अंगाला मात्र हा रॉड पुरणार नाही, तिथे ८ नंबर लागेल.

रॉड एकटा विकत असतील तर डोळे मिटून घ्या. बदली मिळालेल्या रीलची आमच्या मुलाने पतंगाची फिरकी केलीय. पतंगाला ड्रॅग लागत नाही.