स्लेट पोर्टल : कागदपत्रांना उत्तम, निकालाच्या चौकशीला अपुरं

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएस-पीएचडीच्या अर्जांसाठी स्लेट हे ऑनलाइन पोर्टल वापरतात. काय पोचलं, काय बाकी, हे त्यात एका नजरेत दिसतं. निकाल लांबला की आधी हीच यादी उघडा. टोफेलपुढे अजून 'अवेटिंग' असेल तर अनेकदा नावाचा घोळ असतो: परीक्षेत वडिलांचं नाव लावलेलं, अर्जात नाही, म्हणून स्कोअर फाइलला जोडलाच जात नाही. अर्ज क्रमांक, जन्मतारीख आणि स्कोअरची पीडीएफ ग्रॅड ऑफिसला (पदव्युत्तर प्रवेशाचं कार्यालय) मेल करा.

सगळं 'रिसीव्ह्ड' असेल तर मात्र पोर्टल मुकं. फाइल विभागाच्या समितीकडे आहे की ग्रॅड ऑफिसात, हे सहसा दिसत नाही. ही खरी उणीव. अशा वेळी विभागाच्या प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला लिहा, प्राध्यापकांना नको. चार ओळी पुरेत, प्रश्न एकच: अर्ज अजून विचाराधीन आहे का? हातात दुसरी ऑफर असेल तर तिची मुदत जरूर कळवा. ऑफरला उत्तर द्यायची 15 एप्रिलची तारीख फंडिंगच्या ऑफरसाठी असते, तीही काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या त्याबाबतच्या ठरावात सामील विद्यापीठांपुरती. विनाफंडिंग एमएसची मुदत ऑफर लेटरातच बघा, डिपॉझिट भरण्याआधी.