रोख, पिशवी की भाजीवालीकडे खातं?

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी भाज्या-फळं वाढवायला सांगितलं. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यात भाजी नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये सुचवलेल्या ताटात मात्र माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं आहेत. मदत करायची हे ठरलं, प्रश्न होता कशी.

रोख देणं सगळ्यात सोपं. सरकारही क्षयरुग्णांना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये थेट खात्यातच देतं. त्यात माणसाचा मानही राहतो. पण आम्ही दिलेले पैसे दोन्ही महिने सिलिंडरला गेले. त्यांची चूक म्हणवत नाही, मीही तेच केलं असतं.

मग पिशवी. दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारातून स्वस्तात भरून आणायचो. मोठ्या हौसेनं! एकदा शनिवारी त्यांच्या घरी गेलो, तर दारामागच्या खिळ्याला पिशवी तशीच लटकलेली. मेथीच्या दोन्ही जुड्या पिवळ्या, खालचे टोमॅटो फुटून पिशवीचा तळ ओला. संपले होते फक्त बटाटे, जे त्यांनी बेतानं खायचे. घरात फ्रीज नाही हे मला माहीत होतं, तरी आठवड्याची भाजी एकदम नेऊन देत होतो. शिवाय मी भरणार म्हणजे त्या दिवशी जे स्वस्त ते. द्राक्षांच्या दिवसांत शुगरवाल्या बाईला मी दीड किलो द्राक्षं दिली आहेत. त्या शनिवारपासून पिशवी बंद.

आता त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीकडे सोमवारी ३०० रुपये ठेवतो. मावशी कामावरून परतताना लागेल तेवढं घेतात, ती वहीत लिहिते. भाव गंगेपेक्षा थोडा चढाच, आणि भाजीवाली भरवशाची हवी. अट एकच, कांदे-बटाटे या खात्यावर नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणती भाजी-फळं चालतील हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तिथे टोमॅटो-केळीही जपून खावी लागतात. घरात फ्रीज असेल आणि भाज्या निवडायला कुणी असेल, तर पिशवीही चालून जाईल कदाचित.

परवा वही चाळली. गवार, दोडका, भेंडी, अर्धा किलो पेरू, पुन्हा दोडका. मेथी एकदाही नाही. विचारलं तर म्हणाल्या, “दादा, पाच घरच्या पोळ्या लाटून आल्यावर मेथी कोण निवडत बसणार?”